लॉग टेबलची मळकी पानं आणि एकाचा अंक

मी भाषेचा शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. गणिताशी माझा संबंध हजेरीची टक्केवारी काढणं आणि निकालपत्रकाच्या बेरजा जुळवणं, एवढाच. तरीही आज आकड्यांच्या इतिहासावर लिहितोय. त्यामागे कुतूहल आहे, तशी माझी एक चूकही आहे. ती शेवटी सांगतो.

आधी एक साधा प्रश्न. समजा, जगातल्या देशांच्या लोकसंख्येची यादी तुमच्यासमोर आहे. किंवा नद्यांच्या लांबीची, किंवा एखाद्या मोठ्या दुकानाच्या वर्षभराच्या बिलांची. प्रत्येक संख्येचा फक्त पहिला अंक बघायचा. 1,472 असेल तर 1, 83 असेल तर 8. संख्येच्या सुरुवातीला शून्य येत नाही, म्हणजे उरले एक ते नऊ. मग त्या यादीत एकानं सुरू होणाऱ्या संख्या किती असतील?

वर्गात विचारलं तर मुलं पटकन सांगतात, ‘नऊ अंक आहेत, म्हणजे नवातला एक हिस्सा. शंभरात अकरा.’ शिक्षकांच्या खोलीत विचारलं तरी हेच उत्तर येतं. मीही हेच दिलं असतं. पण हे उत्तर चुकीचं आहे. अशा याद्यांत साधारण 30 टक्के संख्या एकानं सुरू होतात आणि नऊनं सुरू होणाऱ्या पाच टक्केही नसतात. हे माणसाच्या लक्षात कसं आलं, त्याचीच ही गोष्ट.

हर्फ मोजणारा अल-किंदी

भाषेच्या माणसाला ही गोष्ट फार परकी वाटू नये. नवव्या शतकात बगदादमध्ये अबू युसूफ याकूब अल-किंदी नावाचा विद्वान होऊन गेला. खलिफा मामून आणि मुअतसिम यांच्या काळातला हा तत्त्वज्ञ. गणित, संगीत, वैद्यक असा एकही विषय त्यानं सोडला नाही. भारतीय अंक वापरून हिशेब कसा करायचा, यावरही त्यानं लिहिलं. त्याच काळात, त्याच शहरात अल-ख्वारिझ्मीनंही भारतीय अंकांवर ग्रंथ लिहिला. पुढे त्याचं लॅटिन भाषांतर युरोपात पोचलं. ‘अल्गोरिदम’ हा शब्द त्याच्याच नावावरून आलाय.

अल-किंदीचा एक छोटा रिसाला गुप्तलेखन उलगडण्यावर आहे. तो कित्येक शतकं विस्मरणात गेला होता. विसाव्या शतकात इस्तंबूलच्या ग्रंथसंग्रहात त्याचं हस्तलिखित सापडलं. त्यातली युक्ती अशी : गुप्त मजकूर ज्या भाषेत आहे, त्या भाषेतला एखादा लांबलचक साधा मजकूर घ्या. त्यात कुठलं हर्फ किती वेळा येतं, ते मोजा. मग गुप्त मजकुरातली चिन्हं मोजा. साध्या मजकुरात सर्वात जास्त येणारं हर्फ आणि गुप्त मजकुरात सर्वात जास्त येणारं चिन्ह, यांची जोडी लावा. हळूहळू कुलूप उघडतं.

यामागचं तत्त्व सोपं आहे. लिहिणारा शब्द निवडतो, पण कुठलं अक्षर किती वेळा यावं, हे तो ठरवत नाही. ते भाषाच ठरवते. मराठीत ‘ळ’ किती यावा आणि ‘र’ किती यावा, याचा विचार करून कुणी पत्र लिहितं का? म्हणून लपवणाऱ्याला शब्द लपवता येतात, प्रमाण लपवता येत नाही.

अल-किंदीनं हर्फ मोजले. अंकांच्या बाबतीत हे लक्षात यायला आणखी हजार वर्षं जावी लागली.

खेड्यातला मास्तर आणि पुस्तकाची पानं

1614 साली स्कॉटलंडच्या जॉन नेपियरनं लॉगॅरिथम म्हणजे लॉगची पद्धत जगापुढे ठेवली. लगेच पुढच्या काही वर्षांत हेन्री ब्रिग्ज यानं दहाच्या पायावरचे तक्ते तयार केले. लॉगमुळे गुणाकाराची बेरीज होते आणि भागाकाराची वजाबाकी. कॅल्क्युलेटर येईपर्यंत खगोलशास्त्रज्ञ, दर्यावर्दी, इंजिनिअर, सगळ्यांचं काम या तक्त्यांवर चाले. आमच्या पिढीनंही अकरावी-बारावीला लॉग टेबल हाताळलंय.

या तक्त्यांची मोठी पुस्तकं असत. एकानं सुरू होणाऱ्या संख्या पहिल्या पानांवर, नऊनं सुरू होणाऱ्या शेवटच्या पानांवर. अमेरिकेतल्या सायमन न्यूकम्ब यांच्या नजरेत एक गोष्ट आली. या पुस्तकांची पहिली पानं मळलेली, झिजलेली असतात आणि शेवटाकडची त्या मानानं स्वच्छ राहतात.

न्यूकम्ब यांचं आयुष्यही वाचण्यासारखं आहे. 1835 साली कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात जन्म. लहानपणी रीतसर शाळा फारशी नाही. सोळाव्या वर्षी एका जडीबुटीवाल्या वैद्याकडे उमेदवारीला ठेवलं. तो भोंदू निघाला, तेव्हा हा मुलगा तिथून पळाला. पुढे मेरीलँडमधल्या खेड्यांत मास्तरकी केली आणि शिकवता शिकवता स्वतः गणित शिकला. हाच खेड्यातला मास्तर पुढे अमेरिकेच्या नाविक पंचांग कार्यालयाचा प्रमुख झाला. चंद्र-ग्रहांच्या स्थितीचे हिशेब करणारी माणसं तिथं दिवसभर लॉगची पुस्तकं चाळत असत. पानांची झीज दिसायला याहून चांगली जागा कुठली?

1881 साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये त्यांनी यावर जेमतेम दोन पानांचं टिपण लिहिलं. लोक एकानं सुरू होणाऱ्या संख्या जास्त शोधतात, कारण जगात तशा संख्या जास्त भेटतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी प्रमाणही दिलं. पहिला अंक 1 असण्याचं प्रमाण 30.1 टक्के, 2 चं 17.6, 3 चं 12.5, 4 चं 9.7, 5 चं 7.9, 6 चं 6.7, 7 चं 5.8, 8 चं 5.1 आणि 9 चं 4.6. टिपणात ना पुरावा होता, ना गोळा केलेली माहिती. लोकांनी ते वाचलं आणि विसरून गेले.

बेनफर्डच्या वीस याद्या

57 वर्षांनी, 1938 साली, जनरल इलेक्ट्रिक कंपनीतले भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक बेनफर्ड यांनी हीच गोष्ट पुन्हा मांडली. सुरुवातही तीच, लॉग टेबलच्या मळक्या पानांची. पण बेनफर्ड तिथं थांबले नाहीत, त्यांनी मोजणी केली. नद्यांची क्षेत्रं, गावांची लोकसंख्या, पदार्थांची विशिष्ट उष्णता, रेणूंचं वजन, बेसबॉलची आकडेवारी, मृत्युदर, वर्तमानपत्रांत आलेल्या संख्या, ‘रीडर्स डायजेस्ट’मधल्या संख्या, इतकंच काय, लोकांच्या पत्त्यातले घरक्रमांकही! अशा वीस याद्या, एकूण 20,229 नोंदी. सरासरी काढली तर एकानं सुरू होणाऱ्या 30.6 टक्के निघाल्या आणि नऊनं सुरू होणाऱ्या 4.7 टक्के.

तेव्हापासून हा नियम बेनफर्डच्या नावानं ओळखला जातो. न्यूकम्ब बिचारे मागे राहिले. इतिहासात श्रेय अनेकदा शोधणाऱ्याला मिळत नाही, मोजून दाखवणाऱ्याला मिळतं.

यात एक गंमतही आहे. 1979 साली पर्सी डायकोनिस आणि डेव्हिड फ्रीडमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी बेनफर्डचे तक्ते तपासले. टक्केवारी जवळच्या आकड्यावर आणताना काही ठिकाणी बेनफर्ड यांनी आकडे आपल्या नियमाकडे किंचित झुकवले असावेत, असं त्यांना दिसलं. न झुकवताही नियम चांगला जुळत होता, तरी हात फिरलाच. ज्या नियमानं पुढे खोटे आकडे पकडले जाणार होते, त्याच्याच जन्मपत्रिकेत ही खाडाखोड!

पण असं का होतं?

मला पटलेलं स्पष्टीकरण असं. एखादं गाव दर दहा वर्षांनी दुप्पट होतंय, असं समजा. आज वस्ती 100. 200 व्हायला दहा वर्षं लागतील आणि ही दहाही वर्षं पहिला अंक 1 च राहील. 200 वरून 300 व्हायला सुमारे सहा वर्षं पुरतात. आणि 900 वरून 1,000? जेमतेम दीड वर्ष. कारण 100 ला 200 होण्यासाठी शंभर टक्के वाढावं लागतं, 900 ला 1,000 होण्यासाठी फक्त अकरा टक्के. हजार झाले की पुन्हा एकाचा लांब मुक्काम. 100 ते 1,000 या प्रवासाला साधारण 33 वर्षं लागतात. त्यातली दहा वर्षं एकाच्या घरात जातात, म्हणजे 30 टक्के. नऊच्या वाट्याला येतात 4.6 टक्के. न्यूकम्ब यांचेच आकडे!

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्ट घरं. तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकाननं आपल्या चरित्रकोशात ही कथा दिली आहे. त्याच्याही आधी अल-बिरुनीनं या दाण्यांची पूर्ण बेरीज काढून ठेवली होती. 18 वर आणखी 18 अंक, अशी ती वीस अंकी संख्या आहे. मी एका रविवारी या चौसष्ट घरांतल्या संख्या वहीत लिहिल्या आणि फक्त पहिला अंक मोजला. एकानं सुरू होणारी घरं 19, म्हणजे जवळपास 30 टक्के. नऊनं सुरू होणारी फक्त दोन, चोपन्नावं आणि चौसष्टावं. हे दाणे इतकी शतकं मोजले जाताहेत, पण त्यांच्या पहिल्या अंकाकडे कुणी बघितलं नव्हतं.

गणितज्ञांनी पुढे याचा पाया भक्कम केला. 1961 साली रॉजर पिंकहॅम यांनी दाखवलं, की पहिल्या अंकाचा असा काही सार्वत्रिक नियम असेल, तर माप बदलल्यानं तो बदलता कामा नये. नद्या मैलांत मोजा की किलोमीटरमध्ये, हिशेब रुपयांत करा की डॉलरमध्ये, प्रमाण तेच राहायला हवं. या अटीत बसणारं प्रमाण एकच आहे, हेच. 1995 साली थिओडोर हिल यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली. वेगवेगळ्या स्वभावाच्या अनेक याद्यांतून संख्या उचलून एकत्र केल्या, की तो मिसळलेला ढीग या नियमाकडे सरकतो.

घरचं उदाहरणही करून पाहिलं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राचे 35 जिल्हे होते. त्यांच्या लोकसंख्येचा पहिला अंक मोजला. एकानं सुरू होणारे 13, दोननं 9, तीननं 5, चारनं 4. पाच ते नऊ मिळून उरले फक्त चार : नाशिक, सिंधुदुर्ग, पुणे आणि मुंबई उपनगर. नियमाशी हे तंतोतंत जुळत नाही. कारण यादी लहान आहे आणि बहुतेक जिल्हे दहा ते पन्नास लाखांच्या दरम्यान आहेत. पण उतरण कुठल्या दिशेची आहे, ते स्पष्ट दिसतं.

चोर पकडणारा अंक

1972 साली अर्थशास्त्रज्ञ हॅल व्हेरियन यांनी सुचवलं, की कुणी दिलेली आकडेवारी विश्वासार्ह आहे का, हे बघायला या नियमाचा उपयोग करता येईल. 1992 मध्ये मार्क निग्रिनी यांनी यावर पीएचडी केली आणि हिशेबतपासनिसांच्या हातात एक नवं साधन आलं. मनानं आकडे रचणारा माणूस सगळ्या अंकांना सारखी संधी देऊ पाहतो. एकाला 30 टक्के द्यावेत, हे त्याला सुचतच नाही.

निग्रिनी यांनी सांगितलेलं एक प्रकरण फार गाजलं. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या कोषागारातल्या एका व्यवस्थापकानं 23 खोटे धनादेश काढले. रक्कम जवळपास 18 लाख 80 हजार डॉलर. पहिले दोन लहान रकमांचे, बाकीचे 21 सगळे सात, आठ किंवा नऊनं सुरू होणारे. बहुतेक एक लाख डॉलरच्या थोडे खाली, म्हणजे वरच्यांची नजर पडू नये. 1993 मध्ये त्याला दोषी ठरवलं गेलं.

2011 साली चार जर्मन संशोधकांनी युरोपीय संघातल्या देशांची 1999 ते 2009 या काळातली आर्थिक आकडेवारी याच गाळणीतून काढली. युरो वापरणाऱ्या देशांत सर्वाधिक विचलन ग्रीसचं आलं. ग्रीसनं तुटीचे आकडे चुकीचे दिले होते, हे तोवर उघड झालंच होतं. अंकांनी फक्त दुजोरा दिला.

जिथं हा नियम लागत नाही

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल, की खोटं पकडायचं यंत्रच हाती लागलं. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून पुढचा भाग जास्त महत्त्वाचा.

आपल्याकडचे मोबाईल नंबर सहा, सात, आठ किंवा नऊनंच सुरू होतात. एकानं सुरू होणारा एकही नाही. त्यात कुणी लबाडी केली आहे का? महाराष्ट्रातले सगळे पिनकोड चारनं सुरू होतात. दहावीच्या मुलांची उंची सेंटिमीटरमध्ये लिहिली, तर जवळपास सगळ्या नोंदी एकानं सुरू होतील. ज्या संख्या कुणीतरी ठरवून दिल्या आहेत, ज्यांना वरची-खालची मर्यादा आहे, ज्या एका छोट्या पट्ट्यात फिरतात, तिथं बेनफर्डचा नियम लागतच नाही. त्याला मोकळं रान लागतं : दहा, शंभर, हजार, लाख अशा अनेक पायऱ्यांवर पसरलेल्या संख्या.

2020 च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर शिकागो, मिलवॉकी वगैरे शहरांतल्या मतांचे आलेख समाजमाध्यमांवर फिरले. ‘बघा, पहिला अंक जुळत नाही, म्हणजे मतं चोरली.’ पण तिथल्या एकेका मतदान केंद्राचा आकार साधारण सारखाच असतो, काही शे मतदारांचा. सारख्या आकाराच्या केंद्रांवर एकाच उमेदवाराला मोठं बहुमत मिळालं, तर त्याचे आकडे एका पट्ट्यात गोळा होणारच. निवडणुकांतल्या गैरप्रकारांचा अनेक वर्षं अभ्यास करणारे वॉल्टर मेबेन यांनी तेव्हाच लिहिलं, की या नियमाचा हा वापर गैरलागू आहे. पण तोवर आलेख लाखो लोकांपर्यंत पोचले होते. संशयाला आकड्याची साथ मिळाली, की तो पुराव्यासारखा दिसू लागतो.

माझी चूक

आता माझं सांगतो. आमच्या मोहल्ल्याच्या जमातीचा एक शैक्षणिक मदतनिधी आहे. त्याचा हिशेब सत्तरी ओलांडलेले एक चाचा ठेवतात. लाल कापडी पुठ्ठ्याची वही, सुबक उर्दू अक्षर. एका वर्षी वही तपासायचं काम माझ्याकडे आलं. नुकतंच मी बेनफर्डबद्दल वाचलं होतं. अंगात उत्साह होता. मी पहिले अंक मोजत बसलो.

निम्म्याच्या आसपास नोंदी पाच किंवा नऊनं सुरू होणाऱ्या. मदतीच्या बऱ्याच रकमा 9,000 ते 9,900 च्या दरम्यान, दहा हजारांच्या अगदी खाली. मला लगेच ॲरिझोनाचे धनादेश आठवले. मी चाचांना काही विचारलं नाही. समितीतल्या दोघांना मात्र हळूच सांगितलं, ‘हिशेबात काहीतरी आहे.’ मोहल्ल्यात हळूच सांगितलेली गोष्ट हळू राहत नाही. दोन जुम्म्यांनंतर चाचा वही घेऊन माझ्या घरी आले. वहीसोबत पावत्यांची एक पिशवी होती.

पाचाचं उत्तर तर लहान मुलानंही दिलं असतं. प्रत्येक घराची वर्गणी 500 ठरलेली. नऊचं उत्तर त्यांनी सांगितलं. दहा हजार किंवा त्याहून जास्त मदत द्यायची, तर सगळ्या जमातीची बैठक बोलवावी लागते. बैठकीत मुलाचं, बापाचं नाव घ्यावं लागतं, घरातली तंगी चारचौघांत मांडावी लागते. त्यापेक्षा कमी रक्कम असेल, तर तिघांच्या सहीनं काम होतं आणि नाव तिघांतच राहतं. म्हणून मदत दहा हजारांच्या आत बसवायची आणि उरलेली फी पुढच्या हप्त्यात भरायची, अशी जुनी रीत. पैसे कुणाच्या हातात जात नव्हते, थेट शाळा-कॉलेजात भरले जात होते. प्रत्येक रकमेची पावती पिशवीत होती. मी एकेक पावती वहीशी ताडून पाहिली. एक रुपयाचा फरक निघाला नाही.

ॲरिझोनाचा माणूस मर्यादेच्या खाली राहत होता, कारण त्याला चोरी लपवायची होती. चाचा मर्यादेच्या खाली राहत होते, कारण त्यांना कुणाची तरी गरिबी झाकायची होती. पहिला अंक दोन्हीकडे नऊच.

चाचा रागावले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, “सर, पहले मेरेकू पूछना था ना.”

पुढच्या जुम्म्याला मी समितीसमोर माझी चूक कबूल केली आणि चाचांची माफी मागितली. त्यांनी माफ केलं. पण त्या वर्षानंतर त्यांनी वही दुसऱ्याकडे सोपवली. डोळे आता साथ देत नाहीत, असं कारण सांगितलं. ते कारण खरं होतं की नाही, हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

अल-किंदीची युक्ती आणि बेनफर्डचा नियम, दोन्हींत एक साम्य आहे. मोजणी हे पहिलं पाऊल आहे, शेवटचं नाही. अल-किंदीनं लावलेली हर्फांची जोडी मजकूर अर्थपूर्ण वाचता आला, तरच खरी ठरे. नाहीतर जोडी बदलून पुन्हा सुरुवात करावी लागे. अंकांचंही तसंच आहे. पहिला अंक ‘इथं बघ’ एवढंच सांगतो. बघायचं म्हणजे पावत्या बघायच्या आणि त्याआधी माणसाला विचारायचं.

आता आकडेवारीच्या नावाखाली रोज काहीतरी आपल्या मोबाईलवर येऊन पडतं. कुठल्या मतदान केंद्राचं, कुठल्या संस्थेचं, कुठल्या समाजाचं. आलेख सुंदर असतो आणि खाली निकालही लिहिलेला असतो. पुढे पाठवण्याआधी दोन प्रश्न विचारावेत, असं मी आता मुलांना सांगतो. हे आकडे कुठून आले? आणि ज्याच्यावर बोट ठेवलंय, त्याला कुणी विचारलं का?

लॉग टेबल आता शाळेत फारसं कुणी उघडत नाही. आमच्या ग्रंथालयात एक जुनी प्रत आहे. परवा ती काढून पाहिली. पहिलं पान खरंच जास्त मळलेलं आहे.